मुकादमांचं मोठं दुखणं

लाकडाच्या वखारीतून मुकादम निवृत्त झाले तेव्हा हुकूम सोडायला त्यांच्याकडे बायको तेवढी उरली. पुढे हृदय थकलं, पायांवर सूज आली, गोळ्या सुरू झाल्या आणि मुकादमांची गेलेली पत परत आली. लोक भेटायला येऊ लागले. "मला हार्ट आहे," असं ते अशा थाटात सांगायचे की ऐकणाऱ्याला आपल्याला ते नसल्याची लाज वाटावी.

पण हल्ली अंघोळ केली तरी धाप लागायची, दाढी करताना हात गळून जायचा. हार्ट आणखी वाढलं, असं मुकादमांनी परस्पर ठरवून टाकलं. डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की हृदय होतं तसंच आहे, पण रक्त कमी झालंय, अंगात लोहच उरलेलं नाही. हृदयाच्या अशा दुखण्यासोबत हे पुष्कळदा येतं, माणूस त्यानेही दमतो. लोह सलाइनमधून द्यावं लागेल.

मुकादमांना ती शिवीच वाटली. "रक्त कमी व्हायला मी काय बाळंतीण आहे?" ते म्हणाले. घरी येताच त्यांनी बायकोला बजावलं, कोणी विचारलं तर हार्टचंच इंजेक्शन म्हणून सांगायचं. ती बरं म्हणाली. ती सगळ्यालाच बरं म्हणायची.

सलाइनच्या दिवशी दवाखान्याची लिफ्ट बंद होती. मुकादम कठड्याला धरून थांबत थांबत पहिल्या मजल्यावर पोचले. मागे वळून पाहतात तर त्यांची फाइल, थर्मास आणि शाल सांभाळत बायको जिन्यातच बसलेली, ओठ पांढरे पडलेले.

"आजारी कोण आहे आपल्यात?" ते वरून खेकसले.

डॉक्टरबाई दारातच होत्या. त्या खाली गेल्या, तिची पापणी ओढून पाहिली आणि तिचंही रक्त तपासायला पाठवलं. ते मुकादमांपेक्षाही कमी निघालं. धाप तिला कित्येक वर्षं लागत होती. घरात त्याला आळस म्हणायचे.

मुकादम दुखावले. "पण तिला हार्ट नाही ना?"

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिला तुम्ही आहात."

मग दोघांच्याही शिरांतून लोह गेलं, रक्त कशाने घटलं याचाही शोध घेतला गेला, आणि महिन्या-दोन महिन्यांत दोघांच्या चेहऱ्यांवर रंग आला. मुकादम कोपऱ्यापर्यंत फिरून येऊ लागले. बायको त्यापुढेही जाऊ लागली, विचारल्याशिवाय. शिवाय ती आता बरं म्हणेना. "तुमचं तुम्ही बघा," असं एकदा चक्क म्हणाली.

तेव्हापासून भेटायला येणाऱ्यांना मुकादम आवाज खाली आणून कळकळीने सांगतात, हार्टचं काय ते करा, पण बायकोचं रक्त तेवढं तपासून घेऊ नका.

आतल्या खोलीत त्यांची बायको त्याच पाहुण्यांच्या बायकांना लॅबचा पत्ता देत असते.