रशीदचा फोन का येत नाही

राजिवड्यातला रझियाचा एसटीडी बूथ म्हणजे अर्ध्या मोहल्ल्याचा कान होता. कोकण रेल्वे मुंबईपर्यंत थेट धावू लागली त्याच साली तिने तो ओटीवर थाटला. नवरा रशीद आखातात, दोह्याला जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात होता, मुलगी इफ्फत शाळेत जात होती आणि हात बांधून बसणं रझियाच्या स्वभावात नव्हतं. शुक्रवारी तिकडे सुट्टी. दुपार झाली की कुणाचा नवरा, कुणाचा दीर फोन करणार म्हणून बायका ओटीवर दाटीवाटीने बसत. रशीदचाही फोन त्याच दिवशी यायचा.

रझिया संशयी होती, हे तिला स्वतःलाही मान्य होतं. कल्ले उचलून पाहिल्याशिवाय तिने कधी बांगडा घेतला नाही, आणि माणसांच्या बाबतीतही तिचा तोच रिवाज होता. त्यामुळे एका पावसाळ्यानंतर माणसं रस्त्याकडेचा जांभा फोडून काळे पाईप पुरू लागली, तेव्हा पहिली ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. इंटरनेटची केबल आहे, शहर सुधारतंय, असं त्यांनी सांगितलं. सुधारणारं शहर आपल्याच दारात का खणतं, असा तिचा प्रश्न होता. त्याचं उत्तर मिळण्याआधीच कुदळीने टेलिफोनची वायर तुटली आणि बूथ मुका झाला.

नाक्यावर रितेश नावाच्या राजापूरकडच्या तरुणाने नुकताच सायबर कॅफे उघडला होता. आपलं गिऱ्हाईक पळवायला यानेच वायर तोडवली, असं रझियाने मनाशी पक्कं केलं आणि तोंडावर जाऊन सांगितलंही. त्याने देवाची शपथ घेतली. शपथ घेणाऱ्यावर तर तिचा मुळीच विश्वास नसे.

दिवाळी झाल्यावर लाईन सुरू झाली. सगळ्यांचे फोन येऊ लागले, रशीदचा तेवढा येईना. रझियाने त्याच्या खोलीवर फोन लावला, तर दरवेळी दुसराच कुणी उचलायचा आणि तो ड्युटीवर गेलाय म्हणायचा. शुक्रवारी कसली ड्युटी? नाटे गावच्या एका माणसाने तिकडे दुसरा संसार मांडला होता, ही बातमी तिने याच फोनजवळ बसून ऐकली होती. आता ओटीवरच्या बायका आपल्याकडे पाहून गप्प होतात, असं तिला वाटू लागलं. तिचं जेवण कमी झालं. इफ्फतला विचारलं, तर मुलगी नजर चुकवून म्हणायची, "येईल गं अम्मी."

मग एक दिवस मासळी घेऊन येणाऱ्या सोनूबाईने पाटी उतरवता उतरवता सहज सांगितलं, की इफ्फत दर शुक्रवारी रितेशच्या दुकानात जाते आणि पडद्याआड बसते.

"मी कायच म्हणत नाय गो," सोनूबाई म्हणाली. "दिसला ता सांगितलंय."

पुढच्या शुक्रवारी फोनची वाट पाहणाऱ्या बायकांना तसंच बसवून रझियाने बूथला कुलूप लावलं आणि ती नाक्यावर गेली. रितेश काही बोलायच्या आत तिने पडदा ओढला. आत इफ्फत एकटीच होती. समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या ओळी होत्या.

"कोण आहे तो?" रझियाने विचारलं.

इफ्फतला रडू फुटलं. "अब्बा आहेत."

रझियाने ते मानलं नाही. अब्बाला फोन करता येतो, तो चोरासारखा टाइप कशाला करील? कुणीतरी रशीदच्या नावाने मुलीला फसवतंय, अशी तिला भीती वाटली. मग ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "विचार त्याला, केळशीहून मला बांगड्या आणल्यास त्या कुठे ठेवल्यात?"

इफ्फतने टाइप केलं. उत्तर एकेक शब्द करत, फार हळू आलं. इफ्फतने वाचून दाखवलं. "मी कधी बांगड्या आणल्या नाहीत. माझ्या बहिणीच्या तू भांडून घेतल्यास."

ते खरं होतं. बहिणीच्या हातातल्या बांगड्यांचं ते भांडण घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. मग रझियाने फोन का करत नाहीस, एवढंच विचारायला सांगितलं.

या वेळी उत्तराला फारच वेळ लागला. लाईन तुटलेली होती त्या दिवसांत रशीदच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सुधारला होता, पण तोंड वाकडं झालं होतं आणि जीभ वळत नव्हती. लाईन सुरू झाल्यावर रझिया बाजारात गेलेली असताना त्याच्या खोलीतल्या सोबत्याचा फोन आला, तो इफ्फतने उचलला होता आणि अम्मीला सांगणार नाही असं वचन तिला द्यावं लागलं होतं. तेव्हापासून दर शुक्रवारी रशीद डाव्या हाताने टाइप करून तिच्याशी बोलत होता. शेवटी त्याने लिहिलं होतं, "तुझ्या ओटीवर सगळ्या बायका असतात. त्यांच्यासमोर तू माझं हे वाकडं बोलणं ऐकलं असतंस."

रझिया म्हणाली, "लिही, घरी ये. आणि पोरीला वचनात बांधलंस, त्याचं तू आल्यावर बघते."

तो उन्हाळ्यात आला. विमानाने मुंबईला आणि तिथून रेल्वेने. रझिया कुवारबावच्या स्टेशनवर गेली आणि त्याची बॅग तिनेच उचलली. रिक्षात रिक्षावाला ऐकेल म्हणून तो एक अक्षर बोलला नाही. घरी दार लावल्यावर त्याने तिला हाक मारली. नाव अर्धंच उमटलं. "कळलं मला," ती म्हणाली आणि चुलीकडे जाऊन पाठमोरी उभी राहिली.

पुढे रशीद बूथवर बसू लागला. बायकांना त्याच्या बोलण्याची सवय झाली आणि त्याला बायकांची. मोबाईल आले तसा बूथ ओस पडला. रझियाने तो बंद करून तिथे शीतपेयांचा फ्रीज ठेवला. रितेशशी ती बोलू लागली, पण वायर त्यानेच तोडवली हे मत तिने सोडलं नाही. इफ्फत शिकून पुण्याला नोकरीला गेली. रोज संध्याकाळी तिचा मोबाईलवर फोन येतो, आणि खुशाली विचारण्याआधी रझिया विचारते, "शेजारी कोण बसलंय?"