पंखावरचे चार पट्टे

मावशी सासऱ्यांच्या गॅरेजात गाड्या रंगवायला शिकल्या. स्प्रेगन हातात आली की त्यांचा हात असा काही फिरायचा, की सासरे गिऱ्हाइकांना सांगायचे, "ही सून नाही, मशीन आहे मशीन!"

त्या हातामुळेच त्यांना विमानांच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिथल्या मोठ्या बोगद्यात पंख्यांनी जोराचा वारा सोडून विमानाचे छोटे नमुने तपासत. नमुन्यावर आधी पांढरा थर द्यायचा, त्यावर एक खास रंग. अंधारात निळा दिवा लावला की तो रंग उजळायचा. हवा जास्त दाबेल तिथे उजेड मंद, कमी दाबेल तिथे लख्ख. कॅमेरा ते टिपून घ्यायचा. पण रंगाचा थर अगदी सारखा बसायला हवा, आणि तिथेच भल्याभल्या पदवीधरांनी हात टेकले होते.

तिथल्या प्रमुख बाईंना सगळे 'डॉक्टर' म्हणत. मावशींच्या सासूबाईंनी ते ऐकलं मात्र, "माझ्या गुडघ्याचं विचार की गं त्यांना!" म्हणून टुमणं लावलं. "अहो आई, त्या वाऱ्याच्या डॉक्टर आहेत," मावशी सांगून थकल्या.

नमुन्याचा पहिलाच पंख मावशींनी झकास रंगवला. दुसऱ्या दिवशी चाचणी झाली आणि दुपारी त्या स्प्रेगन न्यायला गेल्या, तर कॅमेऱ्याच्या पडद्यापुढे डॉक्टर आणि एक उंच इंजिनीअर हमरीतुमरीवर आलेले.

"हवेचे भोवरेच आहेत हे!" इंजिनीअर म्हणत होता. "चार भोवरे, शेजारीशेजारी!"

"इथे भोवरे यायचं कारणच काय पण?" डॉक्टर म्हणाल्या.

मावशींनी पडद्याकडे पाहिलं. पंखावर चार धूसर पट्टे होते, शेवटचा जरा आखूड. काम संपून रंग वाळला की हातमोजे काढून पत्र्यावरून एकदा मायेने हात फिरवायचा, ही त्यांची वीस वर्षांची सवय. कालही फिरवला होता.

गप्प राहिल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. मावशी पुढे सरकल्या.

"मॅडम, ते भोवरे नाहीत. माझा हात आहे."

त्यांनी पंजा पडद्यावर ठेवला. बोटं पट्ट्यांवर तंतोतंत बसली. हाताचा तेलकटपणा त्या रंगाला बाधला होता.

इंजिनीअरने वाकून बोटं मोजली. मग डॉक्टरांना जे हसू फुटलं, ते आवरेचना. "म्हणजे सकाळपासून आम्ही तुमच्या करंगळीवरून भांडतोय?"

"उद्यापासून येऊ नको म्हणालात तरी चालेल," मावशी पुटपुटल्या.

"वा! मग हा पंख परत कोण रंगवणार, हा?" डॉक्टरांनी इंजिनीअरकडे बोट दाखवलं. "याला भिंतसुद्धा धड रंगवता येत नाही."

मावशींनी सगळा रंग उतरवला आणि पंख पुन्हा रंगवला. या वेळी काम झाल्याबरोबर दोन्ही हात घट्ट कमरेमागे बांधून उभ्या राहिल्या.

चाचणीच्या वेळी डॉक्टरांनी त्यांनाही काचेपाशी बोलावलं. दिवे मालवले, निळा झोत पडला आणि आख्खा पंख निखाऱ्यासारखा लालभडक उजळला.

"अगं बाई!" मावशी इतक्या जोरात ओरडल्या, की इंजिनीअर दचकला.

या खेपेला चित्र स्वच्छ आलं. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आणखी दोन पंख मावशींच्या टेबलावर आणून ठेवले.