खोपीपाशी ठेवलेली पेज

आधीच सांगून टाकते – भूत, देवचार, चकवा यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझं माहेर खानापूरचं. वडील मराठी शाळेत शिपाई होते, म्हणून चार बुकं शिकले, आणि बुकांपेक्षा तोंड चालवायला जास्त शिकले. लग्न होऊन या जंगलात आले तेव्हा वाडीतल्या बायका तिन्हीसांजेला ओढ्यावर जायला भ्यायच्या, आणि मी मुद्दाम तेव्हाच घागर घेऊन निघायची. कधी काही दिसलं नाही. एकदा गवा दिसला, पण तो खराखुरा होता.

तुमच्या सदरात लोक लिहितात ते मी नातीकडून वाचून घेते. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं मला थापा वाटतं. माझंही कुणाला तसं वाटलं तर मी भांडायला येणार नाही.

पहिल्या लढाईच्या आधीची गोष्ट. नंदिगड्ड्याच्या पुढं आमची वाडी – सहा-सात घरं, थोडी भाताची खाचरं, बाकी चहूकडं रान. आता जोयडा तालुका म्हणतात, तेव्हा सुपा म्हणायचे. घरात आम्ही तिघी. मी, माझी थोरली जाऊ आणि माझी तान्ही मुलगी चंपा. जावेला मी अक्का म्हणायची. ती विधवा, पोटी मूल नाही. आमचे हे मुंबईला गोदीत कामाला होते.

माघ लागला आणि मुंबईहून निरोप आला की, गोदीत ह्यांच्या पायावर लाकडाचा ओंडका पडला, इस्पितळात आहेत, कुणीतरी येऊन घेऊन जा. घरात पुरुषमाणूस नाही. माझा भाऊ सोबत यायला तयार झाला. प्रश्न चंपाचा होता. मुंबईत प्लेग चाललेला... अंगावर पिणारं पोर तिथं कोण नेईल? शेजारची गिरजा तेव्हा बाळंतीण होती. ती म्हणाली, "माझ्या पोराबरोबर तुझीला बी पाजीन. खरं पुनवेला मी म्हायेराला जाणार, भावाचं लगीन हाय. त्याच्या आत ये बाई." चंपाला शेळीचं दूध पचत नव्हतं. घोट गेला की ओकायची. पण पुनवेला पुष्कळ अवकाश होता, आणि मी निघाले.

निघताना वाडीचे कारभारी गावकर यांनी बजावलं, "मुंबैस्नं आलीस की सरळ घरात शिरायचं न्हाई. शेतातल्या खोपीत ऱ्हायचं, मी सांगीपर्यंत." प्लेगाच्या त्या वर्षांत आमच्याकडं तसाच नियम होता. बाहेरून आलेला माणूस आधी खोपीत, घरच्यांनी लांबून जेवण ठेवायचं, शिवायचं नाही. मी तोंडानं हो म्हटलं.

कॅसलरॉकला गाडी धरून मुंबई गाठली. ह्यांचा पाय वाचला होता, पण वाकडा बसला होता. गोदीतली जागा जाऊ नये म्हणून भाऊ तिथंच राहिला आणि आम्ही दोघं परत निघालो. इथं आमची अक्कल नको तिथं धावली. रेल्वेनं गेलं तर स्टेशनात डॉक्टर तपासायचे, अंग जरा कोमट लागलं की कॅम्पात टाकायचे. कॅम्पात अडकले तर पुनव हुकणार. म्हणून आम्ही कारवारची आगबोट धरली. कारवारला उतरायचं, काळी नदीतून पडावानं कद्रा गाठायचं, घाट चढला की आपलं रान. किती सोपं वाटलं होतं!

मालवण मागं टाकल्यावर बोटीच्या पोटात मोठा आवाज झाला, डेक हादरला आणि इंजिन थांबलं. खलाशी म्हणाले, शाफ्ट तुटला. म्हणजे काय ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण बोट मेली एवढं कळलं. वारा आम्हाला किनाऱ्यापासून लोटत होता. आधी डोंगर दिसायचे, मग नुसती रेघ, मग तीही दिसेना. सगळीकडं पाणी आणि प्यायला मात्र पळीनं मोजून. किती दिवस तसे काढले ते नक्की सांगत नाही. तहानलेल्या माणसाला दिवसांचा हिशेब लागत नाही.

दोनदा मासेमाऱ्यांचे मचवे दिसले. सगळे उतारू एका बाजूला धावले, लुगडी-धोतरं हलवली. एक मचवा हाकेच्या अंतरावर आला. त्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, बोट खंयची? आमच्यातल्या कुणीतरी खरं ते ओरडलं – मुंबईची. म्हाताऱ्यानं तिथल्या तिथं सुकाणू फिरवलं. मी त्याला शिव्या घातल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. पण नंतर वाटलं, आमच्या गावकरांनी तरी दुसरं काय केलं असतं?

दूध टिकावं म्हणून मी सकाळ-संध्याकाळ आडोशाला बसून पिळून समुद्रात टाकायची. छाती दगडासारखी व्हायची. प्यायला पाणी पुरेना तरी दूध येत होतं आणि ते मी फेकत होते, तिकडं माझं पोर... हे म्हणायचे, "धीर धर, गिरजा हाय." मग एका संध्याकाळी पाण्यातून भला मोठा चंद्र वर आला. लोकांनी हात जोडले. मी मात्र कठड्यावर डोकं आपटून घेतलं, कारण ती पुनव होती. गिरजा गेली. आता चंपाला कोण?

त्याच बोटीवर मालवणकडची एक बाई होती, सुभद्रा. अंगावर पिणारा मुलगा घेऊन एकटीच कारवारला नवऱ्याकडं निघालेली. तिला ताप भरला. ताप म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडी प्लेगच. खलाशांनी मागच्या टोकाला शिडाचं कापड बांधून तिला त्याच्या आड ठेवलं. पाण्याचा पेलाही काठीनं सरकवायचे. पुनवेच्याच रात्री तिचा पोरगा इतका रडला, इतका रडला, की शेवटी त्याचा आवाजच बसला. मी उठले. ह्यांनी हात धरला.

"तुळसे, घरात आपली एक वाट बघतीया. तुला काय झालं तर?"

"तिला आज कुणीतरी घ्यावं म्हणून मी देवाला सांगतीया," मी म्हटलं. "मग मी ह्याला कुठल्या तोंडानं टाकू?"

कापड बाजूला करून आत गेले. सुभद्रानं मला हातानं लांब सारायला बघितलं, मग माझ्याकडं नुसती बघत राहिली. "माजा दूध आटला गो," म्हणाली. मी पोराला घेतलं. दोन घोट प्यायला आणि त्याचे डोळे मिटले, दमला होता बिचारा. ती पडल्या पडल्या म्हणाली, "तो निजता. तळपायाक टिचकी मार." मारली, तसा तो परत ओढायला लागला. ती हसली. मी उठेपर्यंत तिचे डोळे पोरावरच होते.

पहाटे ती गेली. त्याच कापडात गुंडाळून खलाशांनी तिला पाण्यात सोडलं. प्लेग होता की साधा ताप, देव जाणे. आम्हाला कुणालाच काही झालं नाही. त्या दिवसापासून मुलगा माझ्याकडं. तळपायाला टिचक्या मारत त्याला पाजायची आणि चंपासाठी रडायची. दूध त्याला जात होतं म्हणून त्याचा रागही यायचा आणि मायाही यायची. दोन्ही एकदमच.

शेवटी दुसऱ्या एका आगबोटीनं आम्हाला बघितलं, दोर टाकला आणि ओढत कारवारला आणलं. धक्क्यावर सुभद्राचा नवरा उभा होता, लाकडाच्या वखारीतला साधा माणूस. बायको कुठं म्हणून त्यानं विचारलं नाही, माझ्या हातात पोर बघूनच तो समजला. पोराला पोटभर पाजून त्याच्या हातात दिलं. पडावात बसल्यावर मात्र मी ओक्साबोक्शी रडले.

कद्र्याला ह्यांच्या ओळखीचं एक घर होतं. ह्यांना घाट चढवणं शक्यच नव्हतं. म्हणाले, "तू हो म्होरं." मिठाचे बैल घेऊन वर जाणाऱ्या लोकांबरोबर मी निघाले. समोरून उळवीची जत्रा करून परतणारी माणसं उतरत होती, प्रसाद पुढं करत होती. मी हात पुढं केला नाही. पोर गेलं असेल तर कसला प्रसाद, असं मनात चाललेलं. पायांत काटे मोडले, तेही घरी पोचल्यावर कळलं. आणि खोपीत थांबायचं नाही हे ठरलेलंच होतं. गावकरांना काय करायचं ते करू देत.

वाडीत पोचले तेव्हा सकाळचं ऊन पडलं होतं. अक्का पडवीत भात पाखडत होती. तिनं मान वर केली आणि जरासुद्धा न दचकता म्हणाली, "आज उजेडी आलीस? भरले व्हय खोपीतले दिवस?"

"चंपा कुठं हाय?"

"निजलीया. तिला काय धाड भरलीया? काल सांजच्याला तर पाजून गेलीस की."

मी आत धावले. चंपा पाळण्यात झोपली होती, गाल वर आलेले, मनगटाला वळी. उचलून छातीशी धरली तर डोळे न उघडताच प्यायला लागली. अक्का मागून आली, तिला मी विचारलं, "अक्का, मी कधी आले?"

अक्काला वाटलं मी थट्टा करते. मग तिनं सांगितलं ते असं. गिरजा गेली त्या दिवशी चंपानं शेळीचं दूध ओकून टाकलं, रात्रभर रडली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परसात मी उभी. डोक्यावरून पदर ओढलेला, लुगडं ओलं. अक्कानं ताडलं, मुंबईहून आली, खोपीत उतरली, पोरीसाठी जीव राहिना म्हणून चोरून आली. शिवायचं नाही हा नियम तिला ठाऊक. तिनं चंपाला मागच्या पडवीत चटईवर ठेवलं आणि स्वतः लांब, गोठ्यापाशी जाऊन उभी राहिली. मी म्हणे पाठमोरी बसून पाजलं, चटईवर ठेवलं आणि खोपीच्या वाटेनं गेले. तेव्हापासून रोज तसंच. गावकरांना कळलं तर बोभाटा होईल म्हणून अक्का कुणाजवळ बोलली नाही. अंधार पडायच्या आत ती खोपीच्या दारात पेजेचं मडकं ठेवून यायची. सकाळी ते रिकामं असायचं, घासून पालथं घातलेलं.

"बोलायचीस न्हाई, मी म्हटलं दमली असशील," अक्का म्हणाली. "खरं एक सांगू? पोर निजली की तळपायाला टिचकी मारत हुतीस, ते मला आवडलं न्हाई. बारकं पोर त्ये. कुठं शिकलीस तसलं?"

मी चंपाला घेऊन तिथंच भुईवर बसले. चंपाला कधी टिचकी मारावी लागली नव्हती, ती जन्मापासूनच हावरट. आणि टिचकीची गोष्ट मी ह्यांनासुद्धा सांगितली नव्हती. अक्काला सगळं सांगितलं – बोट, ताप, सुभद्रा. सूप हातातून खाली ठेवायचंही तिला सुचेना.

त्या संध्याकाळी पेज मी केली. अक्कानं दार अडवलं. "जाऊ नगंस. परत आली तर?"

"माझ्या पोरीला पाजलंया तिनं," मी म्हटलं. "आज उपाशी ठिऊ व्हय?"

खोपीत कुणी नव्हतं. जमीन कोरडी, एक जुनी गोणी पडलेली. मडकं दारात ठेवलं. काय करावं कळेना, वेड्यासारखी उभी राहिले. मग मोठ्यानं सांगितलं, "बाई, तुझं पोर पोचलं. मी सोता त्याच्या बापाच्या हातात दिलं. पोट भरून पाजून दिलं." एवढंच बोलले. मागं न बघता घरी आले.

सकाळी अक्का आणि मी दोघी गेलो. पेज तशीच होती, मडक्याच्या काठापर्यंत, वर साय धरलेली. त्यानंतर आमच्या परसात कधीच कुणी आलं नाही.

हे घरी आल्यावर त्यांनी त्यांच्या परीनं अर्थ लावला. म्हणाले, पोराच्या रडण्यानं कधी कधी मूल न झालेल्या बाईलाही दूध फुटतं. अक्का विधवा, लाजेनं तिनं ही कहाणी रचली असेल. मला ते पटायला हवं होतं, मी शिकलेली ना! बऱ्याच वर्षांनी धीर करून मी अक्काला तसं विचारलं. ती रागावली नाही. म्हणाली, "तसं झालं असतं तुळसा, तर म्या पोर तुला परत दिली असती व्हय?"

मग मी पुन्हा कधी विचारलं नाही. मडकं घासणारा कोल्हा मी पाहिलेला नाही, आणि समुद्रात सोडलेली बाई घाट कशी चढेल हेही मला कळत नाही. अक्का आता नाही, आमचे हेही गेले. चंपा चार लेकरांची आई आहे, कमरेच्या दुखण्यानं रोज कुरकुरते. गिरजा गेल्यापासून मी पोचेपर्यंत ती उपाशी मेली नाही, म्हणजे कुणीतरी तिला पाजलं. एवढंच मला ठाऊक आहे.