वहिनींच्या उसाला सोडलेलं पाणी

मी माझ्या थोरल्या वहिनींना फसवलं. त्यांच्या उसाला जास्तीचं पाणी सोडून फसवलं. हे आजवर मी कुणाजवळ बोललेलो नाही, बायकोजवळही नाही. पाणी देऊन कुणी कुणाला फसवतं का, असं तुम्ही म्हणाल. सांगतो.

मी सारोळ्याचा. जे आहे ते स्वतः कमावलेलं. ऊसतोड टोळीचा मुकादम असो नाहीतर गुऱ्हाळवाला, माझ्याशी सौदा करून कुणी हसत घरी गेलेला नाही. फक्त एक गोष्ट मनासारखी होत नव्हती – माझ्या बांधाला लागून असलेला वहिनींचा उसाचा तुकडा. भाऊ गेल्यापासून मी मागे लागलो होतो, रान मला वाट्याने द्या. शेवटी त्या म्हणाल्या, "यंदा माझी मी करून बगते, भावजी. न्हाई जमलं तर तुमीच करा."

आणि जमायला लागलं की! शेतीखात्याच्या एका साहेबाने त्यांना शिकवलं होतं – युरिया सरीत फेकायचा नाही. नेहमीच्या निम्माच घ्यायचा, थोडा थोडा, बुडाशी खड्डा करून पुरायचा, वर माती ओढायची आणि पाणी बेताचं द्यायचं. मी टपरीवर चारचौघांत म्हणालो, "वहिनी उसाला खत घालत्यात का चिमण्यांना दाणं टाकत्यात?" लोक हसले. ते त्यांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी बांधावरूनच म्हणाल्या, "चिमण्या पोटात तरी घालत्यात. तुमचं निम्मं खत नीरा नदी खाती, भावजी!" माझ्या रानातल्या बाया खुरपी टाकून हसायला लागल्या. माझं डोकं फिरलं. कारण त्यांचा ऊस माझ्या उसाला उंचीने भिडला होता – तोही निम्म्या खतावर.

विहीर आमची सामाईक. मोटार मीच चालू करायचो, भाऊ होता तेव्हापासून. वहिनी खत पुरून घरी गेल्या की मी त्यांच्या रानात पाणी सोडायचो आणि दिवस मावळेपर्यंत बंद करायचो नाही. रान मुरमाड. खत विरघळून पाण्याबरोबर मुळांच्या खाली जायचं. खताच्या प्रत्येक हप्त्याला मी हेच केलं. एकदा नाही, रागाच्या भरात नाही – दर वेळी, ठरवून.

"लई पाणी झालं का वो?" त्या विचारायच्या.

"माझी पाळी तुमाला दिली, वहिनी. ऊन किती हाय!"

मग त्या मला चहा करून द्यायच्या. तो मी प्यायचो.

ऊस पिवळा पडला. साहेब आला, रस्त्यावर उभं राहूनच "जमीन हलकी आहे" म्हणाला आणि गेला. एक कुदळ मारून ओल बघितली असती तर मी तिथंच सापडलो असतो. का नाही बघितली? त्यांचं बघून तसंच करायला निघालेल्या बाया परत युरिया फेकायला लागल्या. आणि वहिनींनी, शब्द दिला होता म्हणून, रान माझ्या हवाली केलं.

आता त्या रानात मी खत कसं घालतो? खड्डा करून. माती ओढून. बेताचं पाणी देऊन. लोक बघायला येतात, मी समजावून सांगतो. परवा वहिनीही आल्या. स्वतःच्याच बांधावर पाहुण्यासारख्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मंग माज्याच हाताला का न्हाई आलं वो, भावजी?"

"तवा हवाच वंगाळ हुती," मी म्हणालो.

"व्हय, आसंल," त्या म्हणाल्या. पदराने तोंड पुसलं आणि वाटेला लागल्या.

मला त्यांचाच राग आला. संशय का घेत नाही ही बाई? मोटारीचं बटण कुणाच्या हातात होतं, हे हिला ठाऊक नाही? युरियाच्या गोणीबरोबर दुकानदार नको असलेली औषधाची बाटली गळ्यात मारतो, तेव्हा मी भर बाजारात त्याची कॉलर धरतो. मग माझी का कुणी धरत नाही? एका बाईचं रान तिच्याच विहिरीच्या पाण्याने काढून घेतलं गेलं. ह्याचा जाब कुणीतरी दिला पाहिजे – आणि बटणावर बोट माझंच होतं.