हाडमास्तरांची भिंत

माणूस भेटला की हाडमास्तर आधी त्याचे सांधे बघायचे, नाव नंतर विचारायचे. नांदेडच्या चित्रकलेच्या वर्गात पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "पोरी, तुझा डावा खांदा उतरलाय. घागर त्याच अंगाला घेत होतीस ना?" घेत होते.

वर्गात बरोक काळातल्या, म्हणजे तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या युरोपी चित्रकारांच्या कच्च्या रेखाटनांच्या झेरॉक्स चिकटवलेल्या होत्या. सोललेले दंड, पिळलेल्या पाठी, नुसत्या पोटऱ्या. "मोठ्या चित्रातल्या एका हातासाठी ह्यांनी वीस-वीस हात काढले. अन् तुम्हाला पहिल्याच कागदावर गणपती पाह्यजे." मागून कुणी विचारायचं, "सर, कातडी कधी शिकवणार?"

"कातडी शेवटी. ती कुणालाबी येती."

त्यांचं स्वतःचं मोठं चित्र एकच, तेही व्हायचं होतं. ते किल्लारीकडचे. भूकंपात त्यांनी हातांनी ढिगारे उपसले होते. गावच्या नव्या सभागृहाची बाहेरची भिंत गावच्या समितीने त्यांना चित्रासाठी दिली. विषय तोच, ढिगाऱ्यातून माणूस ओढून काढणारी माणसं. मास्तर मोंढ्यात धान्याची पोती वाहणाऱ्या हमालांना चहा पाजून उभं करायचे आणि पाठी काढायचे, पहार धरलेली मनगटं काढायचे. दोन वर्षांत वह्या भरल्या, भिंत पांढरीच. "खालचा हात जमंना," म्हणायचे. "दगडाखालचा हात आपण धरला की तो उलटून धरतो का न्हाई, ते मनगटावर कळतं. मी धरलेला हाय."

उद्घाटन ठरलं. मी तोवर लातूरला फ्लेक्स छापायचं दुकान टाकलं होतं; समितीचे अध्यक्ष तिथे आले. "ताई, मास्तर हाडंच मोजून राहिले. तुम्ही चार दिवसांत देता का?"

भिंत कुणाची ते मला ठाऊक होतं. मी दोन दिवसांत दिलं. मी नाही म्हटलं असतं तर शेजाऱ्याने छापलं असतं, असं मी तेव्हा म्हणाले, आजही म्हणते. इंटरनेटवरचा ढिगारा घेतला, माणसांना व्यायामशाळेच्या जाहिरातीतले दंड बसवले.

उद्घाटनाला मास्तर आले. फ्लेक्सच्या अगदी जवळ जाऊन त्यांनी मनगटं बघितली.

"खालच्याला दोन्ही हात डावेच दिलेस?"

"वेळ नव्हता, सर."

"हाव. त्यालाबी नव्हता."

पुढे ते माझ्याशी बोलले नाहीत. मागच्या वर्षी वारले. उन्हाने फ्लेक्सचा रंग उडाला, समितीने माझ्याकडूनच दुसरा मागवला. मास्तरांच्या वह्या मागायला मला तोंड नव्हतं. मीच हात दुरुस्त करायला बसले. अंगठा या बाजूचा त्या बाजूला केला. पण तो हात धरतोय की सुटलाय, ते काही केल्या कळेना.

तसाच छापला.