जोडीबाईंचा नियम

आमच्या तपासणी केंद्रात जोडीबाई गेली तीस वर्षं गुणसूत्रांच्या जोड्या लावतात. रक्तातल्या पेशीचा मोठा फोटो काढायचा, त्यातले सेहेचाळीस तुकडे कात्रीने कापायचे आणि तेवीस जोड्या करून कागदावर चिकटवायचे. संगणक आला, पण बाईंची कात्री काही सुटली नाही. स्वतः बिनलग्नाच्या. "लोकांच्या जुळवता जुळवता माझी राहून गेली," म्हणतात. मी बाहेर नोंदणीला बसते.

एकदा एक सासूबाई मुलगा, सून आणि वर्षाच्या नातवाला घेऊन आल्या. बाळाला हसू देताना देवाने हात सैल सोडलेला. त्याच्या तपासणीत एक जादा गुणसूत्र दुसऱ्याला चिकटलेलं निघालं होतं. असा जोड कधी आईकडून येतो, कधी बापाकडून, म्हणून डॉक्टरांनी दोघांचं रक्त मागवलं होतं.

"हिचंच घ्या," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या सात पिढ्यांत असलं काही नाही. हिच्यात निघालं की बाळासकट माहेरी पोचवते. बॅग भरूनच ठेवलीय."

सून बाळाचं लाळेरं सारखं करत राहिली. मुलगा भिंतीवरची हात धुण्याची सूचना मन लावून वाचत होता.

"एकट्याचं घेत नाही आम्ही," जोडीबाई म्हणाल्या. "जोडीनं यायचं, जोडीनं टोचून घ्यायचं."

सुई पाहून मुलगा घामाघूम झाला. "अहो, बाळानंसुद्धा इतकं केलं नव्हतं!" जोडीबाई म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी सगळे परत आले, बॅगेसकट. सुनेची सेहेचाळीस जागच्या जागी. मुलाची पंचेचाळीस, दोन चिकटून एक झालेली.

"यांच्या तब्येतीला काही नाही," जोडीबाई म्हणाल्या. "मूल होताना मात्र असं होऊ शकतं. दोष कुणाचाच नाही."

"कात्री चुकली असेल."

"वीस पेशी मोजल्या, आजी. वीसदा कशी चुकेल? यांच्यात कुठून आलं ते बघायचं तर तुमचं आणि आजोबांचं रक्त लागेल. जोडीनं."

सासूबाईंनी दोन्ही हात मागे घेतले. "नको गं बाई. देवाची इच्छा!"

मी रोज देवापुढे हात जोडते. पण सुनेवर संशय होता तोवर ही इच्छा कुणाला दिसली नव्हती.

"उचल रे ती बॅग," सासूबाई मुलाला म्हणाल्या, "घरी न्यायचीय."

"बॅग आई घेतील," सून म्हणाली. "तुम्ही ह्याला घ्या. तुमच्यावरच गेलाय."

बाळाने बापाचं नाक धरलं. बॅग बरीच जड असावी. दारापर्यंत सासूबाई दोनदा थांबल्या.