करिअर ब्रेक : नाही

हेलनने अर्जावर ‘इनएलिजिबल’ असा शेरा मारून तो माझ्याकडे पाठवला. हेलन माझी बॉस. आता नकाराचा ईमेल मी लिहायचा होता.

नॉटिंगहॅममधली आमची संस्था आफ्रिकेतल्या तरुण संशोधकांना फेलोशिप देते. तरुण म्हणजे पीएचडी होऊन आठ वर्षांच्या आतले. हा अर्ज युगांडात मलेरियावर काम करणाऱ्या ग्रेसचा होता. तिला साडेनऊ वर्षं झाली होती. यंदा नाही, तर आमचं दार तिला कायमचं बंद.

बाळंतपणासाठी आम्ही सूट देतो. एका मुलामागे एक वर्ष, रजेचं पत्र दाखवलं की झालं. पण ‘करिअर ब्रेक’च्या रकान्यात ग्रेसने ‘नाही’ लिहिलं होतं. शेवटच्या पानावर मात्र, यूकेला येताना दोन लहान मुलं आणता येतील का, अशी चौकशी होती. दोन मुलं म्हणजे दोन वर्षांची सूट; आठाची मर्यादा दहावर गेली, तर साडेनऊ वर्षं बसत होती. शेवटचं पान आमच्याकडे कोणी वाचत नाही. मीही एरवी वाचत नाही; त्या दिवशी ट्रेन लेट होती.

हेलन म्हणाली, “डेडलाइननंतर अर्ज बदलता येत नाही.” बाई वाईट नाही, पण नियमावर बोट ठेवलं की उचलत नाही. मी म्हटलं, बदलायचा नाहीच, फक्त विचारायचंय. तेवढी मुभा नियमातच होती.

व्हिडिओ कॉलवर ग्रेसने सांगितलं, की दोन्ही वेळा रजा मंजूर होती, पण ती महिन्याभरात लॅबमध्ये परतली. पेशंटच्या रक्ताचे नमुने तिच्यासाठी थांबणार नव्हते.

“आणि मॅडम, ब्रेक लिहिला असता, तर तुम्ही म्हणाला असतात, ही बाई काम अर्धवट सोडते.”

मला राग आला. तिचा नाही, आमच्या फॉर्मचा.

रजेची दोन्ही पत्रं तिने दुसऱ्याच दिवशी पाठवली. हेलनने ती दोनदा वाचली आणि शेरा काढला. पुढे कमिटीने ग्रेसची निवड केली. गेल्या महिन्यात ती मुलांसह इथे पोचली. फॉर्ममध्ये आता आम्ही ब्रेक विचारत नाही, मुलांची जन्मवर्षं विचारतो. प्रश्नच वाकडा असला, की सरळ माणसंही वाकडी उत्तरं देतात.

माझ्या सीव्हीतही मुलगी झाल्यानंतरचं दीड वर्ष रिकामं आहे. इंटरव्ह्यूत हेलनने त्याबद्दल विचारलं, तेव्हा मी ‘रिलोकेशन’ म्हटलं होतं. पुण्याहून दोन बॅगा आणायला दीड वर्ष. ते मी अजून दुरुस्त केलेलं नाही.